भाड्याची खोली आणि दारावरची थाप

(येडगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



येडगावचे नाव निघाले की लोकांना कुकडी नदीवरचे धरण आठवते, नाहीतर शेजारच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी. मी आज फार लहान जागेबद्दल बोलणार आहे: दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीबद्दल. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, जुन्नर या पट्ट्यात शाळा-कॉलेजे, दवाखाने, बँका आणि बाजार वाढले. बदलीवर आलेले गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टर, वायरमन, शिकणारी मुले-मुली आपल्या घरांत राहायला आली. ही खोली बहुधा मालकाच्याच घरात असते. अंगण एक, नळ एक, पुष्कळदा मीटरही एकच. अशा खोलीत मालकाचा शब्द कुठे थांबतो, हा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. भाडे ठरले, किल्ली हातात दिली, की भिंती मालकाच्याच राहतात, पण त्या भिंतींच्या आतले जगणे भाडेकरूचे असते. आत येण्याआधी विचारणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याला कोणी उपकार समजू नये.

आपल्याकडे हा हक्क मोडतो तो बहुतेक वेळा दुष्टपणाने मोडत नाही, सवयीने मोडतो. खोली भाड्याने देतात, पण माळ्यावर बाजरीची पोती, लग्नातली भांडी, आजीची ट्रंक तशीच ठेवतात. टाकीच्या मोटरचे बटण त्याच खोलीत असते. मग नळाला पाणी आले की घरमालकीण काकू दुसऱ्या किल्लीने दार उघडतात. रात्रपाळी करून सकाळी झोपलेली सिस्टर दचकून उठते. काकू म्हणतात, "अगं, झोप तू, मी बटण दाबून लगेच जाते." काकूंच्या मनात काही वाईट नसते. पण त्या दिवसापासून ती मुलगी आतून कडी घातल्याशिवाय झोपत नाही, आणि बाहेर गेली तरी आपल्या सामानाला कोणी हात लावला असेल का, हा विचार तिची पाठ सोडत नाही. भाडे ती पूर्ण देते, पण निवांतपणा तिला मिळत नाही.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडून भाडेकरूची अडवणूक करता येत नाही. हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या भागांना लागू होतो. प्रत्येक खेडे त्यात येतेच असे नाही. पण गाव यादीत नसले म्हणजे भाडेकरू उघडा पडतो, असेही नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. त्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर विनाव्यत्यय जागा वापरू देण्याची हमी मालकाने दिली आहे, असेच मानले जाते. त्याच कलमात मालकाला जागेची स्थिती पाहण्यासाठी वाजवी वेळी येण्याची मुभाही आहे. फौजदारी बाजूने पाहिले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या अतिक्रमणाच्या व्याख्येत 'दुसऱ्याच्या ताब्यातली' जागा असे म्हटले आहे. तिथे मालकीपेक्षा ताबा पाहतात. आणि कोणी एखाद्या स्त्रीच्या न्हाणीघरात डोकावले, मोबाइल लपवून ठेवला, तर तो कलम ७७ खालचा गंभीर गुन्हा आहे. तिथे घर कोणाचे, हा प्रश्नच उरत नाही.

आता थोडे मोठ्या पटावर येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यातले प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ज्या घराण्यातले, ते घराणे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. घरमालकाला तो थेट लावून कोर्टात उभे करता येईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. पण त्या निकालातला एक विचार आपल्या खोलीपर्यंत येतो: खासगीपणा माणसासोबत असतो, जागेसोबत नाही. म्हणजे स्वतःचे घर नसलेला माणूसही तो बरोबर घेऊनच आपल्या दारात येतो.

मग मालक इतका सावध का असतो? त्यामागे जुनी भीती आहे, आणि ती खोटी नाही. १९४८ चा कुळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. ते न्याय्य होते. पण 'कूळ लागेल' ही धास्ती गावोगावच्या घरांत बसली ती बसलीच. शहरांतही १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहणाऱ्या अनेकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून अकरा महिन्यांचा कागद, मध्येच खोली रिकामी करून घेणे, अधूनमधून आत डोकावून आपला हक्क दाखवणे, असे उपाय चालत आले.

माझे मालकांना सांगणे एवढेच आहे की या भीतीवरचा उपाय दुसऱ्या किल्लीत नाही, नोंदणीत आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसे केले नाही, तर वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. तसेच लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे परवान्याने राहण्याच्या कराराची, मुदत संपूनही कोणी खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुपटीने भरपाई मागता येते. ज्याचा कागद पक्का आहे, त्याला रोज खोलीत पाऊल ठेवून मालकी सिद्ध करावी लागत नाही.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे, बिबट्याची. उसातली घरे, अंधारी वाट. म्हणून मालक रात्री नऊला फाटकाला कुलूप लावतो आणि किल्ली उशाखाली ठेवतो. काळजी खरी आहे. पण रात्री ताप चढला, घरून निधनाचा फोन आला, तर भाडेकरूने कोणाला उठवायचे? मुलींच्या बाबतीत तर या कुलपामागे बिबट्या थोडा आणि संशय जास्त असतो. कुलूप जरूर लावा, पण एक किल्ली भाडेकरूकडे द्या. अंगणात दिवा लावा, एकट्याने जाऊ नको असे सांगा. ती काळजी झाली. किल्ली स्वतःपाशीच ठेवली, तर तो बंदोबस्त झाला.

दाराइतकीच प्रश्नांचीही मर्यादा सांभाळावी लागते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, तिथे नाव, फोटो, मूळ पत्ता, ओळखपत्र हे रास्तच आहे. ओळखीसाठी फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार मिळते, पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. पण आडनावावरून जात चाचपणे, काय शिजवता म्हणून झाकण उघडून पाहणे, कोण भेटायला आले याची गावात चर्चा करणे, हे भाड्याच्या व्यवहारात बसत नाही. या बाबतीत महाराष्ट्राने एक जखम पाहिली आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावाने एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि 'तू कोण' असे विचारून त्यांना बाहेर काढले. इतका विद्वान माणूस, दरबारचा अधिकारी, पण एका खोलीसाठी त्याला स्वतःची ओळख लपवावी लागली. आपल्या गावात खोली शोधणाऱ्या कोणावरही ती वेळ येता कामा नये.

मालकाचेही खासगीपण असते, हे मी विसरलेलो नाही. तो स्वतःच्या घरात परक्या माणसाला जागा देतो. त्याच्या देवघरात, स्वयंपाकघरात, घरातल्या भांडणात भाडेकरूने डोकावू नये, रात्री मोठ्याने फोनवर बोलू नये, न विचारता दुसऱ्याला मुक्कामाला ठेवू नये. एका अंगणात राहायचे, तर मर्यादा दोन्हीकडून पाळायला हवी.

या सगळ्याचे सार करारात चार वाक्यांत मावते. पहिले, दुरुस्ती किंवा पाहणीसाठी मालक एक दिवस आधी सांगेल आणि भाडेकरूच्या सोयीने दिवसा येईल. आग, गळती अशा प्रसंगाला हे बंधन नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातही चोवीस तासांच्या सूचनेची कल्पना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही, पण आपण तेवढे वाक्य आजच लिहू शकतो. दुसरे, मालकाचे सामान आणि मोटरचे बटण खोलीबाहेर असेल. तिसरे, खोलीची आणि फाटकाची किल्ली भाडेकरूकडे असेल, आणि दुसरी किल्ली मालकाकडे राहिली तर ती कधी वापरायची ते लिहिलेले असेल. चौथे, अंगणात कॅमेरा लावला तर त्याचा रोख भाडेकरूच्या दाराकडे, खिडकीकडे किंवा न्हाणीघराकडे नसेल.

माझी गावाला विनंती आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. या चार वाक्यांचा मराठीतला एक पानी नमुना करा, तो पंचायतीच्या कार्यालयात ठेवा, आणि खोली देणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येकाला त्याची प्रत द्या. त्याला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही आणि छपाईपलीकडे खर्चही नाही. उद्या एखादी मुलगी नोकरीसाठी एकटी इथे आली आणि तिच्या आई-वडिलांनी विचारले, "गाव कसे आहे?" तर तिला सांगता यावे, "इथे दार वाजवूनच आत येतात."