कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे



मी डॉक्टर नव्हे, मास्तरही नव्हे. पाळीवर जाणारा मिल कामगार. वाचून जे कळले ते सांगतो.

आपल्यात एक समज पक्का आहे. गरिबाच्या पोराला व्यायाम कशाला? पाणी भरते, लाकूडफाटा आणते, झालाच की व्यायाम! आता ऐका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांच्या नोंदी ठेवल्या. आघारकर संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी त्या बायांचे शेतातले, पाणी आणण्याचे, धुण्याचे काम मोजले आणि 2003 साली निष्कर्ष छापला. जिचे काम जास्त, तिच्या बाळाचे वजन कमी, डोक्याचा घेरसुद्धा कमी. व्यायामाला पोटात अन्न लागते, विसावा लागतो, दमलो तर थांबता येते. कष्टात मुकादम उभा असतो. त्या खेड्यांतली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली हडकुळी, पण त्या मानाने अंगात चरबी टिकून आणि मांस कमी. तेव्हा बारीक पोराला पुढे मधुमेह होत नाही असे समजू नका.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वयाच्या मुलाला रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. 2019 साली तिच्या संशोधकांनी 146 देशांचे आकडे मांडले. 11 ते 17 वयाची 81 टक्के शाळकरी मुले त्यात कमी पडली. मुलगे 78, मुली 85. मुलगी वयात आली की तिला मैदान बंद, हे आपल्या आळीतही चालते.

आता व्यायामाने पोर सुदृढ होते, की सुदृढ पोरच जास्त धावते? नुसते बघून हे ठरत नाही. ज्याच्या अंगात रक्त कमी, ते कडेलाच बसणार. म्हणून संशोधक आधी सगळ्यांना मोजतात, चिठ्ठ्या टाकून काही शाळांना व्यायाम देतात, बाकीच्यांचे नेहमीचेच चालू ठेवतात, आणि काही महिन्यांनी दोन्हीकडे पुन्हा मोजतात. आईबापांना विचारून भागत नाही. आपण सांगणार, दिवसभर उंडारतो! म्हणून पोरांच्या कमरेला हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधतात.

दहिवलीत आपल्याला यंत्र नको. 2019 च्या फिट इंडिया मोहिमेतल्या शाळेच्या चाचण्या सोप्या आहेत. उंची, वजन, 50 मीटर पळणे, 600 मीटर पळणे, बसून पुढे वाकणे. टेप, काटा, घड्याळ, वही, बस्स. आधी मोजू, मग तीन महिने रोज संध्याकाळी तासभर कबड्डी, खोखो, लंगडी, आणि पुन्हा मोजू. पावसात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा सभागृहात दोरीच्या उड्या. हे पक्के संशोधन होणार नाही, कारण तुलनेला दुसरी वस्ती नाही आणि तीन महिन्यांत पोर तसेही वाढतेच. पण मागे कोण पडते ते कळेल. 600 मीटरला ज्याला फार धाप लागते त्याला रागावू नका, कर्जतच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून आणा. आणि उपाशी पोराला पळवू नका, आधी खायला घाला.

वही आणि टेप मी आणतो. पहिल्या पाळीवाल्यांनी संध्याकाळी मैदानावर उभे राहायचे आहे. नावे सभा सुटल्यावर द्या, मुलींची आधी.