विनोदाला अडचण लागते



विनोदी सिनेमा लिहिणाऱ्यांनी आणि दिग्दर्शित करणाऱ्यांनी एकत्र यायचं ते पनवेलात, हे कळल्यावर मुंबईतल्या एका स्नेह्यांनी मला विचारलं, "तिथंच का?" मी म्हटलं, "मराठी विनोदी सिनेमातली निम्मी पात्रं आता तिकडेच राहायला गेलीत." गिरगाव-परळच्या खोल्या सोडून निघालेली कुटुंबं सरकत सरकत हार्बरच्या शेवटच्या स्टेशनाला उतरली आणि गावाकडच्या पाहुण्यांना अजूनही "आम्ही मुंबईत असतो" म्हणून सांगतात. पाहुणा एकदा सीएसएमटीहून लोकल धरून येतो, मग त्याला खरं काय ते कळतं.

अशा संमेलनाच्या अध्यक्षाने इतिहास सांगावा असा रिवाज आहे. फाळक्यांच्या 'पिठाचे पंजे'पासून सुरुवात केली तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो एकच धागा धरतो. आपले टिकलेले विनोदी चित्रपट आठवून बघा. प्रत्येकाच्या मुळाशी एक साधी, चारचौघांची, रात्रीची झोप उडवणारी अडचण आहे. १९४० साली मास्टर विनायकांनी चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणलं, त्या चित्रपटाचं नावच 'लग्न पहावे करून'. १९५२ च्या 'लाखाची गोष्ट'मध्ये राजा परांजपे आणि गदिमांनी कफल्लक माणसांपुढे अट टाकली: ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये उडवून दाखवा. १९७० च्या 'मुंबईचा जावई'त नवीन लग्न झालेल्या जोडप्याला चाळीत निवांतपणा मिळत नाही, एवढंच दुखणं. बासु चटर्जींना त्यात इतका दम दिसला की दोन वर्षांत त्यांनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला.

आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. त्यावर आपण सगळे इतकं बोललो आहोत की नवीन काही बोलायची लाज वाटावी. तरी थोडं थांबतो, कारण आपल्या धंद्याचं शिक्षण त्यात आहे. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. तो हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? वसंत सबनिसांनी ती गोष्ट पुण्यात आणली आणि पुण्याच्या घरमालकांच्या हवाली केली. एकटेदुकटे पुरुष, त्यांना जागा कोणी देत नाही, मिळणारी जागा फक्त जोडप्यांसाठी. सगळा चित्रपट या एका खिळ्याला टांगलेला आहे. परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा होते ती हौसेने नव्हे. डोक्यावर छप्पर हवं म्हणून. साडी सुटली तर बिऱ्हाड सुटलं, हा धाक प्रत्येक प्रसंगात आहे, म्हणून आपण हसतो. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्यातल्या अनेकांनी त्यातली साडी उचलली आणि भाडं विसरले. पुरुषाला साडी नेसवली की लोक हसतात असा समज झाला. लोक पाच मिनिटं हसतात. उरलेल्या दोन तासांत मोबाइल बघतात.

सबनिसांकडे हे कुठून आलं? तमाशातल्या बतावणीतून. त्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य दादा कोंडक्यांनी शेकडो वेळा लोकांपुढे केलं, आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'ची पटकथाही सबनिसांचीच. दादांचं नाव निघालं की द्वयर्थी संवादांवर चर्चा घसरते; घसरू द्या, ते होतंच. पण 'सोंगाड्या'चा सांगाडा पाहा. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो. घरी आई, बाहेर फड, आणि मधे हा. गोविंद कुलकर्णींनी तो दिग्दर्शित करताना नाम्याला कुठेही शहाणा होऊ दिलं नाही. विनोदी पात्राला आपण विनोदी आहोत हे कळलं की ते संपलंच.

आजची माझी तक्रार इथे येते, आणि ती तरुण मित्रांशी आहे, रागाने नाही. तुमच्यातले बरेच जण दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या स्किटमधून आलात. आठ-दहा मिनिटांत घर हसवायचं, दर ओळीला टाळी घ्यायची, ही हातोटी माझ्या पिढीकडे नव्हती. पण स्किटमध्ये वाक्य हसवतं. सिनेमात परिस्थितीने हसवावं लागतं. पहिल्या अर्ध्या तासात दर वाक्याला हशा घेतलात तर पुढच्या दीड तासात पात्राचं काहीही झालं तरी प्रेक्षकाला फिकीर उरत नाही. मी एक साधी कसोटी लावतो: प्रसंगातले सगळे संवाद खोडायचे आणि फक्त घडतं काय ते वाचायचं. तेवढ्यावर ओठ हलले नाहीत तर तो प्रसंग अजून लिहून झालेला नाही.

दिग्दर्शकांनाही एक सांगणं आहे. आपले बहुतेक नट रंगभूमीवरून येतात. नाटकात हशा संपेपर्यंत नट थांबतो. पडद्यावरचा नट कोणासाठी थांबणार? ती जागा संकलनाच्या टेबलावर ठेवावी लागते, बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. आपण मात्र बोलणाऱ्याच्या नाकापर्यंत कॅमेरा नेतो आणि वर पार्श्वसंगीतात 'टॉइंग' वाजवतो, म्हणजे प्रेक्षकाला विनोद झाल्याची नोटीस मिळते. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांचा २००८ चा 'वळू' पुन्हा बघा. एक मोकाट बैल, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी, आणि त्या निमित्ताने उघडं पडणारं गाव. कोणीही विनोद करत नाही. कॅमेरा लांब उभा राहून सगळ्यांना एकाच चौकटीत धावू देतो. परेश मोकाशींच्या 'वाळवी'त तर खुनाचा बेत आहे, आणि तो बेत आखणारी माणसं अतिशय गंभीर आहेत. २०२२ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. विनोदी चित्रपटाला असा मान मिळाला की मला जरा जास्तच आनंद होतो, हे मान्य करतो.

आता पनवेलकडे येतो. अडचणींचं म्हणाल तर हा तालुका श्रीमंत आहे. सिडकोने जमिनी घेतल्या, साडेबारा टक्के योजनेतून विकसित भूखंड परत देऊ केले. एका सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि भूखंड एकच. घरात सख्खा भाऊ, चुलत बहीण, वकील, बिल्डरचा माणूस, आणि दरवर्षी पितृपक्षातच येणारा एक मामा. आता इथला विमानतळही झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या नावाने वर्षानुवर्षं फ्लॅट विकले गेले. ताबा कधी मिळणार हे विचारायला रोज बिल्डरच्या ऑफिसात जाणारा निवृत्त कारकून मला दिसतो. एकाच वेळी घरभाडं आणि कर्जाचा हप्ता भरणारं जोडपं दिसतं. गुंड्याभाऊ आज असता तर नक्की इस्टेट एजंट झाला असता. ही माणसं मला आपल्या पडद्यावर फारशी दिसत नाहीत. आपले विनोदी नायक अजून कोकणातल्या वाड्यात वारसा शोधतायत किंवा लंडनला शूटिंगची सबसिडी शोधतायत.

म्हणून एक ठोस सूचना मांडतो, ठराव करायचा की नाही ते आपण ठरवा. १९३५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'च्या आधी मार्क्स बंधू त्यातले विनोदी प्रसंग घेऊन नाटकासारखे गावोगाव हिंडले. कुठे हशा येतो, किती वेळ टिकतो, हे मोजून मगच चित्रीकरण झालं. आपल्याकडे तर लोकनाट्याची ही जुनीच सवय. ती सिनेमात आणायला कोणाचं पेटंट आड येत नाही. पनवेलात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. एखाद्या आडवारच्या दुपारी नाट्यगृहाचं भाडं कमी असतं तेव्हा ते घ्यावं. चित्रीकरणाआधीची एक विनोदी पटकथा नटांनी हातात कागद घेऊन वाचावी. तिकीट नको. सिनेमावाले श्रोते नकोत, कारण आपण एकमेकांच्या विनोदाला हसत नाही, नुसती मान डोलावतो. कळंबोली-कामोठ्याची घरं, बँकेतले लोक, नुकतेच एसटीतून उतरलेले असे श्रोते हवेत. लेखकाने मागच्या रांगेत बसायचं, दिग्दर्शकाने त्याच्या शेजारी, आणि दोघांनी एकाच वहीत खुणा करायच्या. वाचनानंतर चर्चा ठेवू नये, चहा ठेवावा. पहिल्या वाचनाच्या चहाचा खर्च माझ्याकडे.