बडोद्याचे तैलचित्र
(उत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनियर, कलेतला जाणकार नव्हे. पण बडोद्यात राहून राजा रविवर्म्यांचे नाव घ्यायचे नाही, हे काही बरे नाही.

१८६८ साली त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन हा चित्रकार आला. त्याने तैलरंग शिकवले नाहीत, काम करताना नुसते बघू दिले. विशीतल्या रविवर्म्यांनी तेवढ्यावर भागवले. (आमच्या शेडमध्येही जुना फिटर असाच शिकवतो!)

१८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा इथे आले. नाव सुचवणारे दिवाण सर टी. माधवराव, पूर्वी त्रावणकोरचे दिवाण आणि जन्माने कुंभकोणमचे मराठी गृहस्थ. म्हणजे आपल्यासारखेच, बाहेर स्थिरावलेल्या घरातले. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक आलेल्या तरुण राजाचे तैलचित्र त्यांनी रंगवले. तेल सावकाश वाळते, म्हणून मोत्याची आणि रेशमाची झाक हळूहळू मिसळता येते. पुढे १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांची मागणी आली.

माधवरावांनीच १८८४ मध्ये चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला होता. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला. पुणे लाइनवरचे ते स्टेशन आपल्याला ठाऊक आहेच. धंदा तोट्यात गेला आणि छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला.