पुठ्ठ्याची दख्खनची राणी

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तशी एक गाडी आपण घरीही करू शकतो.

गाडी घेऊ दख्खनची राणी. १ जून १९३० ला ती मुंबई-पुणे सुरू झाली. तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा; दुसरा निळा, सोनेरी रेघांचा.

लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, खळ आणि चाकांना जुनी बटणं, एवढं पुरे. खऱ्या एका मीटरला एक सेंटिमीटर धरा. २० मीटरचा डबा २० सेंटिमीटरचा होईल. उंची, रुंदी, खिडक्या, सगळं याच मापात. एक जरी वेगळं धरलं तरी गाडी बेढब दिसते.

“हिशेब आम्हाला जमत नाही” असं आपण म्हणतो आणि ब्लाउज मात्र अचूक बेततो! घराच्या नकाशातही हेच माप असतं. १:१०० लिहिलेलं असेल, तर नकाशातली ३ सेंटिमीटरची खोली जागेवर ३ मीटर भरली पाहिजे. गवंडी पाया आखेल, तेव्हा टेप घेऊन आपणच उभं राहायचं. पाया भरल्यावर भिंत सरकत नाही, बायांनो!