आधी अर्थ बघा

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गाडीचा ईसीएम बदलताना’. तो सांगेनच. पण मी आलोय ते ईसीएम उगाच बदलू नका हे सांगायला. तीस वर्षं मी गाड्यांच्या विजेचं काम करतोय. ‘गेला’ म्हणून माझ्या टेबलावर आलेले बहुतेक ईसीएम जिवंत निघाले. मेलेली होती ती दहा रुपयांची अर्थिंग.

हा ईसीएम म्हणजे गाडीचं इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. इंधन किती, ठिणगी केव्हा, हे तो ठरवतो. बॉशनं १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत इंजेक्शन आणि ठिणगी एकाच डब्याच्या ताब्यात आली. आपल्याकडे २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडू लागला आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचं मानक आलं. इतिहास इथेच सोडतो.

आता तुमची गाडी रस्त्यात बंद पडते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात. कोड येतो, ‘यू ०१००’. ईसीएमशी संपर्क तुटला. लगेच निदान होतं: ईसीएम गेला. अहो, दार वाजवलं आणि कुणी उघडलं नाही, म्हणजे घरातला माणूस गेला का? वीज गेली असेल, बेल बिघडली असेल, तो मागच्या अंगणात असेल. (हशा) तुम्ही हसलात, पण याच निदानावर लोक तीस-चाळीस हजार मोजतात.

मीही एकाला मोजायला लावले. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

२०१४ चा पावसाळा. टोमॅटो घेऊन वाशीच्या बाजारात जाणारा एक शेतकरी. डिझेलचा छोटा टेम्पो, हप्ते चालू. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण उचलायचं नाही. कधी दहाव्या वेळेला चालू व्हायचं, कधी चालता चालता बंद. मी फ्यूज पाहिले, रिले बदलून पाहिला, क्रँक सेन्सर नवा घातला. स्कॅनर कधी जोडला जायचा, कधी नाही. तीन दिवस गेले. मागे गाडीत माल नासत होता आणि मालक माझ्या दारात स्टुलावर बसून होता. मी म्हणालो, “दादा, ईसीएमच गेलाय.” त्यानं ३८,००० रुपये आणले. बायकोच्या पाटल्या मोडून, हे मला नंतर कळलं.

नवा डबा बसवला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू! मला खूप आनंद झाला. पाचव्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला. घाटात गाडी बंद, तेच सगळं. मी मोटरसायकल घेऊन गेलो. टॉर्चच्या उजेडात बॅटरीचा ट्रे काढला. खाली इंजिनवरून चॅसीवर येणारी अर्थची पट्टी होती, आणि तिच्या बोल्टवर हिरवा चुरा जमला होता. हातानं बोल्ट हलला. पॉलिश पेपरनं घासला, घट्ट केला, गाडी चालू. मग खात्री करायला मी जुना डबा परत लावला. किल्ली अजून त्याही डब्याशी जुळलेली होती. गाडी तितकीच छान चालली.

मग नव्या डब्यानं चार दिवस गाडी कशी चालली? हे मला समजायला फार वेळ लागला, आणि आज तुम्ही एवढं एक घरी न्यावं असं मला वाटतं. ईसीएम बदलायचा तर बॅटरीची टर्मिनल सोडतात, कपलर काढतात, वायरिंग इकडून तिकडे सरकवतात. त्या हलवाहलवीत गंजलेला जोड थोडा घासला जातो आणि काही दिवस बरा होतो. श्रेय मात्र डब्याला मिळतं. मी त्याचे पैसे दोन वर्षांत फेडले. पाटल्या काही परत आल्या नाहीत. तो बोल्ट मी आज आणलाय. फिरवा सभागृहात, पण परत द्या.

चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं उरली म्हणतात. बरं.

तपासायचं कसं? मीटर ओहमवर ठेवून अर्थ पाहू नका. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी ओहम ठीक दाखवतात, पण करंट वाहायची वेळ आली की तो तंतू कामाचा नसतो. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थ धड आहे. त्या टेम्पोवर मला एक व्होल्टच्या वर दिसलं. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधत ईसीएमच्या बारीक वायरींत घुसत होता. डब्याच्या पायाखालची जमीनच हलत होती. मग तेच टोक ईसीएमच्या अर्थ पिनवर ठेवून पाहा. सेन्सरांची पाच व्होल्टची लाइनही पाहा. एक सेन्सर शॉर्ट झाला की ती बसते आणि पाच-सहा कोड एकदम येतात. किल्ली बंद, बॅटरी सोडून डायग्नोसिस सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम दिसले, तर गाडीतले डबे जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत.

दुसऱ्या रांगेतला तरुण हात वर करून उभा आहे. बोला. तो म्हणतोय, काही डबे कारखान्यातूनच खराब येतात. खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. टोयोटानं ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दहा लाखांहून जास्त कोरोला आणि मॅट्रिक्स गाड्या ईसीएमसाठीच परत बोलावल्या. आतल्या सोल्डरला भेगा जात होत्या. पण बाळा, त्यांनी आधी भेग शोधली, मग डबा बदलला. मी याहून वेगळं काही मागत नाही. डबे जळतातही. बॅटरी उलटी जोडली, बॅटरी न सोडता चॅसीवर वेल्डिंग केलं, पाणी गेलं, शॉर्ट कॉइलनं आतला ट्रान्झिस्टर खाल्ला. त्या वेळी कॉइल तशीच ठेवून नवा डबा लावलात तर तोही जाणार. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली कधीही फिरवू नका. ओल्या सर्किटला वीज मिळाली की तांबं खाल्लं जायला लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर किल्ली फिरवून मारलेले डबे मी पाहिलेत.

पाच मिनिटं? मग बदलणं भरभर सांगतो. पार्ट नंबरचं प्रत्येक अक्षर जुळवा. जुना डबा बोलत असेल तर काढण्याआधी त्यातली माहिती उतरवून घ्या. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोड छापलेला असतो, तो नव्या डब्यात भरावा लागतो. नाही भरला तर इंजिन ठोकतं, धूर सोडतं. किल्ली जुळवावी लागते, नाहीतर इमोबिलायझर गाडी चालूच होऊ देत नाही. प्रोग्रॅम भरताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर चांगला डबा तिथेच मरतो.

आणि वायरिंगचे नकाशे. पिन कुठली हे कळल्याशिवाय कोण काय तपासणार? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून गाडी दुरुस्तीची माहिती साध्या गॅरेजलाही मिळवून दिली. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. गावच्या मिस्त्रीच्या हातात तो नकाशा पडला पाहिजे. यावर मला अजून पुष्कळ बोलायचं होतं.

घंटा झाली. बोल्ट कुणाकडे आहे? द्या इकडे. मीटर माझ्या पिशवीत आहे. फाटकाशी ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांनी बॉनेट उघडून ठेवा. एकानं सेल्फ मारायचा, एकानं टॉर्च धरायचा. मी आलोच.