अंगणातली खुर्ची



आमच्या गटाने पहिल्या चार खुर्च्या केल्या त्या बाभळीच्या ओल्या फळ्यांच्या. जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. पंधरा दिवसांत फळ्या पिळल्या, एक हात उकलला. गिऱ्हाइकाचे पैसे बचतीतून परत केले. फार लागलं मनाला.

आता लाकूड सावलीत, मधे पट्ट्या ठेवून रचतो. टोकांना रंग लावतो, कारण ओल तिथूनच झपाट्याने उडते आणि तडा जातो. स्क्रूआधी ड्रिलने बारीक भोक पाडतो. बैठकीच्या पट्ट्यांत फट ठेवतो, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासतो, तोंडाला रुमाल बांधून. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, जादा तेल पुसून. पायांच्या तळांना जरा जास्तच तेल पाजतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून टाकू नका. तेल वाळताना तापतं, ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बैठक १८ इंच उंच ठेवतो. आमच्या गटातल्या एका आजींचे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठायला त्यांना दुसऱ्याचा हात लागायचा. आता बैठकीत त्या खुर्चीवर बसतात आणि आपल्या आपण उठतात. पुरुष खुर्चीवर, बाया खाली, ही रीत आमच्या अंगणात तरी मोडली.

रामराम!