घर जिथं, मत तिथं
(गिरणी कामगारांच्या सभेत झालेले भाषण)



आज आम्ही परळच्या मतदारसंघाविषयी बोलायला उभे आहोत. कुणी लगेच विचारील, परळ नावाचा मतदारसंघ आता आहे कुठं? बरोबर आहे, तो राहिलेला नाही. परळची शेवटची विधानसभा निवडणूक २००४ साली झाली. २००९ सालापासून ते नाव यादीतून गेलं. हे कसं घडलं आणि त्यातून आपण काय शिकायचं, तेवढंच सांगायचं आहे.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. कामगाराला विधानसभेशी काय करायचं आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पगारासाठी संप करावा, मोर्चा काढावा, ते मतांचं राजकारण पुढाऱ्यांनी बघावं! पण गिरणीत कामगाराच्या वतीनं बोलायचा हक्क कुठल्या युनियनला, हे ठरवणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ साली कुठं झाला? विधिमंडळात. त्या कायद्यात एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती ठरवायची सभासदांच्या नोंदीवरून. कामगाराच्या गुप्त मतदानाला त्यात जागा नव्हती. म्हणजे खात्यात ज्याला मत नव्हतं, त्याला मत होतं फक्त निवडणुकीच्या पेटीत. चाळीच्या भाड्याचा कायदा, गिरणीच्या जमिनीचा नियम, सगळं राज्य सरकारच्या हातात. मग ते राज्य कुणाच्या मतावर उभं राहतं, हे कामगारानं बघायचं नाही तर कुणी?

आपल्या बापजाद्यांना हे कळलं होतं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, ज्याचा त्याचा झेंडा वेगळा, पण मागणी एक : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. या लढ्यात शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली आणि त्यांत गिरणी कामगार होते. तरीही दिल्लीनं १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आपल्या माथी मारलं. तेव्हा गिरणगावानं काय केलं? नुसता शोक केला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पेटी भरली. मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेत गेले, मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीचे उमेदवार निवडून आले. गोळीला जे उत्तर देता आलं नव्हतं, ते मतानं दिलं. तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. हुतात्म्यांचं रक्त आणि मतदारयादीतलं नाव, दोन्ही लागली तेव्हा हे राज्य मिळालं.

राज्य मिळालं आणि एकी सैल झाली. १९६७ साली परळमधून कॉम्रेड कृष्णा देसाई विधानसभेत गेले. जून १९७० मध्ये त्यांचा खून झाला. ऑक्टोबर १९७० मध्ये पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले आणि शिवसेनेचे पहिले आमदार झाले. या आकड्याकडे नीट बघा. मोठ्या गिरणीच्या एका पाळीला गेटातून जेवढी माणसं बाहेर पडत, तेवढाच हा फरक. आणि मत देणारे कोण होते? इकडचाही कामगार, तिकडचाही कामगार. एकाच चाळीत राहणारे, एकाच नळावर पाणी भरणारे, एकाच मावशीच्या खानावळीत जेवणारे. कोण चांगला, कोण वाईट, हा हिशेब आज आम्ही करत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की तेव्हा गिरणगावातल्या मतांना वजन होतं. दोन्ही बाजूंना कामगाराच्या दारात यावं लागत होतं.

मग आला १८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या पाठीशी संपावर गेले. संप कसा चिरडला गेला ते आम्ही तुम्हाला काय सांगावं! पण १९८४ साली देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण मध्य मुंबईतून डॉक्टर सामंत अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. पोटात अन्न नव्हतं, पण यादीत नाव होतं. चूल विझली तरी मत विझलं नव्हतं.

पुढं काय झालं? कुणी खोली विकून कोकणात गेला, कुणी साताऱ्याला, कुणी कोल्हापूरकडं. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. आता कायदा ऐका. माणूस जिथं नेहमी राहतो, तिथंच त्याचं नाव मतदारयादीत. दोन ठिकाणी नाव चालत नाही. तीस वर्षं परळला राबलात म्हणून परळला मत नाही मिळत. घर जिथं, मत तिथं.

एकेका माणसाचं मत असं गेलं, आणि मागोमाग मतदारसंघही गेला. २००४ पर्यंत मुंबई शहरात विधानसभेच्या १७ जागा होत्या. परळ, शिवडी, वरळी, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, दादर ही सगळी नावं त्यांत होती. २००१ च्या जनगणनेवर फेररचना झाली. माणसं उपनगरांत गेलेली, म्हणून जागाही तिकडं गेल्या. शहराच्या १७ च्या झाल्या १०, उपनगराच्या १७ च्या झाल्या २६. परळ गेलं, नायगाव गेलं, माझगाव गेलं, चिंचपोकळी गेली, दादर गेलं. शिवडी आणि वरळी तेवढी उरली. यात कुणी पेटी पळवली नाही, कुणी खोटं मतदान केलं नाही. सगळं कायद्यानं झालं. कामगार आधी घरातून गेला, मग यादीतून गेला, मग नकाशातून गेला!

नकाशावरची रेघ काय करते, ते बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला विचारा. १९५६ साली एक रेघ मारली गेली आणि त्याला राज्याबाहेर ठेवून गेली. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिथं रेघ सरकली आणि माणूस जागेवरच राहिला. इथं माणसाला हलवलं, आणि मागून रेघ सरकली. दुखणं एकच आहे : माणसाला न विचारता त्याची जागा ठरवायची.

म्हणून गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न हा नुसता चार भिंतींचा प्रश्न नाही. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकासाला काढली, तर तिचे वाटे ठरले होते. सुमारे एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटा फक्त मोकळ्या जमिनीत उरला. जिथं शेड उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. २०१२ साली म्हाडानं घरांची पहिली सोडत काढली. पण अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात, आणि घरं मूठभर. मग सांगितलं गेलं, शेलूला जा, वांगणीला जा. म्हणजे रायगड जिल्ह्यात जा, ठाणे जिल्ह्यात जा. ज्याची अडचण आहे आणि ज्यानं तिथं घर घेतलं, त्याला आम्ही बोल लावणार नाही. म्हातारपणी डोक्यावर छप्पर कुणाला नको? पण सरकारला आम्ही विचारतो : ज्यानं मुंबई महाराष्ट्राला मिळवून दिली, त्याला घर मुंबईबाहेरच का? मुंबई महाराष्ट्राला मिळाली, पण मुंबई मिळवणारा मुंबईत राहिला का?

तर बंधूंनो, आता करायचं काय?

पहिलं, आपली यादी आपण वाचा. घरातल्या अठरा वर्षं पुऱ्या झालेल्या प्रत्येक पोराचं आणि पोरीचं नाव नमुना ६ भरून घाला. घर बदललं असेल तर नमुना ८ भरा. चाळ पाडून संक्रमण शिबिरात गेला असाल तर नाव कुठं आहे ते आधी तपासा. मतदानाच्या दिवशी भांडून उपयोग नाही.

दुसरं, उमेदवार दारात आला की त्याच्या गळ्यातल्या रंगाकडं बघू नका. त्याला दोन प्रश्न विचारा. गिरणीच्या जमिनीवर कामगारांची घरं कुठं आणि किती बांधणार? सभागृहात त्यासाठी कधी उभा राहणार? तोंडी उत्तर घेऊ नका, लिहून घ्या.

तिसरं, जे गावी आहेत, डोंबिवलीला आहेत, विरारला आहेत, त्यांनी आपलं मत मेलं असं समजू नये. घरांचा कायदा साऱ्या राज्याचा आहे. २८८ आमदारांपैकी तुमचा आमदार कुठलाही असो, त्यालाही हेच दोन प्रश्न विचारा. गिरणगाव महाराष्ट्रभर पांगलं आहे ना? मग प्रश्नही महाराष्ट्रभर पांगू द्या!

आणि पुन्हा फेररचना होईल तेव्हा ती डोकी मोजूनच होईल. त्या मोजणीत आपली डोकी कुठं असतील, हे आज घरांच्या लढ्यात ठरतं आहे. परळचं नाव परत येईल न येईल, कामगाराचं नाव यादीत राहिलं पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!